डिझेलचा धूर, नोकरीची वर्षं आणि फुप्फुसाचा कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॅरेज, बसआगार, बंदरातली यार्डं, बोगद्यांची कामं अशा ठिकाणची हवा मोजणं हे माझं काम. पाळी संपल्यावर कामगारांच्या कमरेला लावलेला, हवेचा नमुना घेणारा पंप काढून घ्यायला गेले की माणसं बाजूला घेऊन हळूच विचारतात, ‘मॅडम, एवढी वर्षं हा धूर खाल्ला, आता मला काही होईल का?’ उभ्याउभ्या दिलेलं उत्तर पुरत नाही. म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे सावकाश लिहिले आहेत.

डिझेलच्या धुराने खरंच कॅन्सर होतो, की ही नुसती भीती आहे?

होतो. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था फ्रान्समधल्या लिऑन शहरात आहे. तिने १९८८ मध्ये डिझेलच्या धुराला ‘बहुधा कॅन्सरकारक’ म्हटलं होतं. जून २०१२ मध्ये पुन्हा सगळा पुरावा तपासून तिने तो पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकला. तंबाखू आणि अॅस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. हा निर्णय फुप्फुसाच्या कॅन्सरबद्दल पक्का आहे. मूत्राशयाच्या कॅन्सरबद्दलचा पुरावा त्या मानाने तोकडा आहे. तरी लघवीतून रक्त गेलं तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

एक खुलासा इथेच करते. पहिल्या गटात असणं म्हणजे पुरावा पक्का असणं. धोका किती मोठा, ते या गटावरून कळत नाही. ते तुम्ही किती धूर, किती वर्षं घेतला यावर ठरतं, आणि पुढचे प्रश्न त्याबद्दलच आहेत.

हे सिद्ध कसं केलं? धूर तर रस्त्यावर सगळेच घेतात.

अडचण नेमकी हीच होती. ट्रक ड्रायव्हरना कॅन्सर जास्त होतो हे दिसत होतं, पण ते सिगारेटही ओढत आणि शहराची हवाही घेत. मग अमेरिकेतल्या संशोधकांनी आठ खाणी निवडल्या. पोटॅश, ट्रोना (सोड्याचं खनिज), मीठ आणि चुनखडीच्या. या खाणींत कॅन्सर करणाऱ्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे रेडॉन, सिलिका, अॅस्बेस्टॉस, फार कमी होत्या, आणि जमिनीखाली यंत्रं डिझेलवर चालत. कोंडलेली हवा, भरपूर धूर, दुसरं काही फारसं नाही. उत्तर मिळवायला याहून बरी जागा सापडणं कठीण.

१२,३१५ कामगारांच्या नोंदी जमवल्या. कोण कुठल्या यंत्रावर, किती वर्षं, वर की खाली, हे सगळं. फुप्फुसाच्या कॅन्सरने गेलेल्या १९८ कामगारांची तुलना तशाच ५६२ कामगारांशी केली आणि प्रत्येकाच्या सिगारेटचा हिशेब वेगळा धरला. सर्वांत जास्त धूर घेतलेल्यांना कमी घेतलेल्यांच्या सुमारे तिप्पट धोका निघाला. खाण उद्योगाने कोर्टकचेऱ्या केल्या आणि प्रसिद्धी लांबली. अखेर मार्च २०१२ मध्ये निष्कर्ष बाहेर आले, आणि तीनच महिन्यांनी वर सांगितलेला निर्णय झाला.

त्या नोंदींचं मला फार अप्रूप वाटतं. ‘हा माणूस अमुक साली जमिनीखाली लोडर चालवत होता’ एवढी साधी ओळ कोणीतरी रजिस्टरात लिहून ठेवली होती, म्हणून हे जगाला कळलं.

धुरात नेमकं वाईट काय असतं?

काजळीचे अतिसूक्ष्म कण. प्रत्येक कणाच्या पोटात शुद्ध कार्बन आणि त्याला चिकटलेली, अर्धवट जळालेल्या इंधनातून आलेली रसायनं. त्यांतली काही जनुकांना इजा करतात. बहुतेक कण एका मायक्रोमीटरपेक्षा लहान, त्यामुळे ते नाकाघशात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. काळा धूर दिसला नाही तरी कण असू शकतात. उलट नाक शिंकरल्यावर काळं आलं तर तो धूर आत जात असल्याचा पुरावा आहे. आजाराचा नाही.

धोका मोजायचा म्हणजे नक्की काय मोजायचं?

कणाच्या पोटातला तो कार्बन. आम्ही त्याला मूलभूत कार्बन म्हणतो. नुसती धूळ मोजली तर त्यात रस्त्याची माती येते, आणि नुसता धूर म्हटलं तर बिडीचा धूरही येतो. बिडीच्या धुरात हा कार्बन फार कमी असतो आणि डिझेलच्या काजळीत भरपूर, म्हणून तो डिझेलची खूण म्हणून चालतो. कमरेला छोटा पंप, कॉलरजवळ क्वार्ट्झचा फिल्टर, आठ तासांची पाळी, मग प्रयोगशाळा. उत्तर एक घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम असं येतं.

त्या आकड्याला वर्षांनी गुणलं की तुमचा आयुष्यभराचा हिशेब मिळतो. २० मायक्रोग्रॅमच्या हवेत १० वर्षं म्हणजे २०० ‘मायक्रोग्रॅम-वर्षं’. घरभाड्यासारखं आहे. महिन्याचं भाडं आणि किती महिने राहिलात, दोन्ही लागतं.

आमच्याकडे हवा कधीच मोजली नाही. मग माझा आकडा कुठून आणायचा?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मोजणी झालेलीच नसते, कारण कारखाने कायद्याच्या परिशिष्टात डिझेलच्या काजळीला स्वतंत्र मर्यादाच नव्हती. पण अंदाज बांधता येतो. युरोप-अमेरिकेतल्या मोजण्या एकत्र पाहिल्या तर तीन पायऱ्या दिसतात.

जमिनीखाली किंवा बोगद्यात, मोठ्या डिझेल यंत्रांसोबत: २७ पासून ६५८ मायक्रोग्रॅमपर्यंत. छताखाली, अर्धवट बंद जागेत, म्हणजे गाड्यांचं वर्कशॉप, मालाचा धक्का, फायर स्टेशन: साधारण ५० च्या खाली. उघड्यावर किंवा धुरापासून वेगळ्या केबिनमध्ये, म्हणजे ड्रायव्हर, रेल्वे कर्मचारी, पार्किंगवाले, उघड्या बांधकामावरचे: साधारण २५ च्या खाली.

ड्रायव्हर सर्वांत खालच्या पायरीवर पाहून अनेकांना आश्चर्य वाटतं. त्याच्या गाडीचा धूर मागे जातो. फिटरच्या तोंडासमोर येतो. पण हे आकडे तिकडचे आहेत. काच उघडी ठेवून घाटात जुन्या ट्रकच्या मागे रांगणारा आपला ड्रायव्हर, किंवा इंजिन चालू ठेवून केबिनमध्येच झोपणारा क्लीनर, यांना मी पायरीच्या वरच्या टोकाला धरते.

आपल्या कामाची पायरी ठरवताना स्वतःला विचारा: वर छत होतं का? एका वेळी किती इंजिनं चालू असत? आगारात पहाटेचा तास सर्वांत वाईट. ब्रेकची हवा भरायला दहा-पंधरा गाड्या एकदम चालू करून ठेवतात, इंजिनं थंड असतात, आणि पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात, उतरलेला माणूस त्या सगळ्यांच्या खाली असतो. भिंती आणि ट्यूबलाइट काळ्या होत्या का? संध्याकाळी रुमाल काळा व्हायचा का?

कोकणातून रेल्वेचे ट्रॅकमन विचारतात. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. त्याआधीची अनेक वर्षं गाड्या डिझेलवर होत्या, आणि करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी गेल्यावर उरलेल्या धुरात काम केलेल्यांनी बोगद्यातले तास वेगळे लिहावेत. आठ तासांपैकी दोन तास आत, तर त्या दोन तासांना वरची पायरी आणि उरलेल्यांना खालची.

एक हिशेब करून दाखवाल का?

उदाहरण काल्पनिक आहे, पण अशी माणसं तुम्हाला ठाऊक असतील. एक डिझेल मेकॅनिक. १२ वर्षं बंद वर्कशॉपमध्ये, अंदाजे ३० मायक्रोग्रॅम. मग १५ वर्षं उघड्या यार्डात, अंदाजे ८.

१२ गुणिले ३० म्हणजे ३६०. १५ गुणिले ८ म्हणजे १२०. एकूण ४८०. ज्या अभ्यासातून मी पुढचा दर घेते आहे, त्यात शेवटची पाच वर्षं धरलेली नाहीत, कारण कॅन्सर वाढायला काळ लागतो. म्हणून ती या २७ वर्षांत घेतलेलीच नाहीत असं समजा.

२०१४ मध्ये त्या खाणींचा आणि अमेरिकेतल्या ट्रक उद्योगाच्या दोन अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यातून निघालेला दर सोपा करून सांगायचा तर दर १०० मायक्रोग्रॅम-वर्षांमागे धोका सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, आणि तो चक्रवाढ पद्धतीने वाढतो. पतपेढीचं व्याज कळतं त्याला हे कळेल. ४८० ला हा दर लावला की १.६ येतं. म्हणजे डिझेलच्या धुरात काम न केलेल्या, पण बाकी सगळं तसंच असलेल्या माणसाच्या १.६ पट धोका.

आता ते ३० खरं आहे का? मला माहीत नाही, त्यालाही नाही. म्हणून मी नेहमी तीनदा करते. वर्कशॉप १५ धरलं तर एकूण ३०० आणि उत्तर सुमारे १.३. ५० धरलं तर ७२० आणि उत्तर सुमारे २. मग त्याला सांगायचं, ‘तुमचा धोका सव्वा ते दुप्पट यांच्या दरम्यान आहे.’ दशांश चिन्हानंतर तीन आकडे देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

१.६ पट म्हणजे मला ६० टक्के कॅन्सर होणार?

नाही, आणि ही गफलत इतकी होते की मी आता आकडा सांगण्याआधीच हे सांगते. पट कशाची, ते पाहायचं. समजा तुमच्यासारख्या, पण धुरात काम न केलेल्या १००० माणसांत १० जणांना आयुष्यात हा कॅन्सर होतो. तर तुमच्यासारख्या १००० जणांत १६ जणांना होईल. ९८४ जणांना होणार नाही. त्या वाढीव सहांत तुम्ही आहात का, हे कोणताही हिशेब सांगू शकत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी. एकट्यासाठी लहान दिसणारी ही वाढ हजारो कामगारांना लावली की मोठी होते. त्याच २०१४ च्या हिशेबात ४५ वर्षं २५ मायक्रोग्रॅम हवेत काम केलं तर ८० व्या वर्षापर्यंत दर दहा हजारांत ६८९ जादा मृत्यू निघाले. १० मायक्रोग्रॅमला २००, आणि अवघ्या १ मायक्रोग्रॅमलाही १७. हे अमेरिकेतल्या आकडेवारीवर बेतलेलं आहे. आपल्याकडे फुप्फुसाच्या कॅन्सरचं मूळ प्रमाण कमी असल्याने संख्या कमी येईल.

मग सुरक्षित मर्यादा कोणती?

युरोपीय संघाने ५० मायक्रोग्रॅम ठरवली. ती २०२३ पासून लागू झाली, आणि खाणी-बोगद्यांना २०२६ पर्यंत मुदत दिली होती. नेदरलँड्सने २०२० मध्येच १० वर आणली. आता वरचा परिच्छेद पुन्हा वाचा: १० लासुद्धा दहा हजारांत २००. मर्यादा ही उद्योगाला काय झेपेल आणि जीव किती जाईल यांच्यातली तडजोड असते. ‘मर्यादेच्या आत आहे’ असं कोणी सांगितलं तर आकडा विचारा.

मी बिडी ओढतो. साहेब म्हणतात, झालंच काही तर बिडीमुळे झालं.

बिडीचा धोका डिझेलपेक्षा बराच मोठा आहे, हे मी लपवणार नाही. सोडा. आज सोडलीत तर धोका कमी होण्यात तुमच्या हातात असलेलं सर्वांत मोठं पाऊल तेच.

पण साहेबांचं म्हणणं चूक आहे. युरोप आणि कॅनडातल्या १४ अभ्यासांचा मिळून २०२० मध्ये हिशेब झाला, कॅन्सर झालेले १६,९०१ जण. त्यात आयुष्यात कधीच सिगारेट न ओढलेल्या पुरुषांतही धुराबरोबर धोका वाढताना दिसला. आणि दोन्ही असलं की एक कारण दुसऱ्याला पुसून टाकत नाही, ती एकावर एक चढतात. बिडी ओढणाऱ्याचा मूळ धोका आधीच मोठा, त्याची १.६ पट म्हणजे जादा माणसंही जास्त. बिडी ओढणाऱ्या कामगाराला धुरापासून वाचवणं म्हणूनच अधिक गरजेचं. मला राग येतो तो याचाच, की हे वाक्य नेमकं काही न करण्यासाठी वापरलं जातं.

नव्या बीएस-६ गाड्यांनी प्रश्न सुटला का?

बराचसा सुटू शकतो. बीएस-६ म्हणजे गाड्यांच्या धुरासाठीचे सरकारी निकष. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं. अमेरिकेत अशा नव्या तंत्राच्या इंजिनाचा धूर उंदरांना ३० महिन्यांपर्यंत दिला, तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर वाढला नाही.

पण तुमच्या शेडमध्ये काय उभं आहे ते पाहा. जुना डंपर, जुनी पोकलेन, जुना जनरेटर अजून वर्षानुवर्षं चालणार. फिल्टर चोक होतो म्हणून काढून टाकलेल्या गाड्याही असतात. फिल्टर काढलेली बीएस-६ गाडी कागदावरच बीएस-६ असते. आणि तुमचा हिशेब मागच्या वीस-तीस वर्षांचा आहे. तो नव्या गाडीने पुसला जात नाही.

रुमाल बांधला तर चालेल?

रुमालाने आणि निळ्या सर्जिकल मास्कने काही होत नाही. एन-९५ नीट बसला तर कण अडतात, वायू अडत नाहीत, आणि दाढी असेल तर कडेने गळतो. आठ तास उकाड्यात तो कोणी घालत नाही, आणि त्यात कामगाराचा दोष नाही. मास्क शेवटचा उपाय.

आधी हे करा: उभी गाडी बंद. तपासणीसाठी चालू ठेवावीच लागली तर सायलेन्सरला नळी जोडून धूर बाहेर सोडा. ही नळी हजारो रुपयांची गोष्ट आहे, लाखोंची नाही. पहाटे गाड्या शेडमध्ये नको, बाहेर मैदानात चालू करा. ब्रेकच्या हवेसाठी बाहेरून कॉम्प्रेसरची लाइन द्या. गोदामात विजेवरचा फोर्कलिफ्ट आणा. जनरेटरचं तोंड कामाच्या जागेकडे नको.

सीटी स्कॅन करून घेऊ का?

‘फुल बॉडी पॅकेज’च्या जाहिराती पाहून जाऊ नका. साध्या एक्स-रेत सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दिसत नाही, आणि धूर किती घेतला ते सांगणारी रक्ताची चाचणी नाही. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने फायदा होतो हे अमेरिकेत ५३ हजारांहून जास्त लोकांवर सिद्ध झालं. २०११ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी दिसले. पण ती सगळी माणसं ५५ ते ७४ वयाची आणि वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढलेली होती. तिथल्या आजच्या शिफारशीतही वय आणि सिगारेट एवढंच पाहतात, डिझेल नाही.

त्या अभ्यासात स्कॅनमध्ये काहीतरी संशयास्पद दिसलेल्यांपैकी ९६ टक्के लोकांना कॅन्सर नव्हताच. आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग असलेली फुप्फुसं कितीतरी, म्हणजे हा गोंधळ आणखी वाढणार. तरी तुम्ही पन्नाशी ओलांडली असेल, बरीच वर्षं बिडी-सिगारेट ओढली असेल आणि वर धुरातली नोकरी असेल, तर छातीच्या डॉक्टरांशी या तपासणीबद्दल जरूर बोला. जाताना खाली सांगितलेली वही न्या.

खोकला आहे. डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली.

थुंकीच्या तपासणीत टीबीचे जंतू सापडले असतील तर औषधं पूर्ण घ्या. नुसत्या एक्स-रेवरून सुरू केली असतील आणि दोन महिन्यांत फरक नसेल, तर थांबू नका. सीटी स्कॅन आणि गरज पडली तर तुकडा तपासणी करायला सांगा. तीन आठवड्यांहून जुना खोकला, थुंकीत रक्त, उगाच उतरणारं वजन, बसलेला आवाज: यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नका. फुप्फुसाच्या कॅन्सरला टीबी समजून महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत. डॉक्टरांना तुमचं काम माहीत नसतं. ते विचारत नाहीत, तुम्ही सांगा.

ती वही कसली?

दोनशे पानी साधी वही. वर्षं, जागा, काम, यंत्रं, छत होतं की नाही, दिवसाचे किती तास इंजिनाजवळ, भिंती काळ्या होत्या का, बिडी-सिगारेट किती आणि कधीपासून कधीपर्यंत. कंत्राटदार बदलला की नवी ओळ. कायम नोकरांचं सेवापुस्तक असतं, त्यात हुद्दा असतो पण पिट नसतो. कंत्राटी कामगाराचं तर काहीच नसतं. जुन्या पगारपावत्या, गेटपास, आगारातला एखादा फोटो त्याच वहीत ठेवा.

भरपाई मिळेल का?

१९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अॅस्बेस्टॉसमुळे झालेला फुप्फुसाचा कॅन्सर नाव घेऊन दिलेला होता. डिझेलचा धूर तिथे नव्हता. नाव नसलं की कामामुळेच आजार झाला हे सिद्ध करण्याचं ओझं कामगारावर येतं. अवघड आहे. युनियनमार्फत, कामगार कायद्याच्या वकिलाला विचारून पुढे जा, आणि ती वही घेतल्याशिवाय जाऊ नका.

वडील मेकॅनिक होते, गेल्या वर्षी याच आजाराने गेले. आता वही लिहून काय करू?

त्यांच्या धुराचा धोका तुम्हाला वारशाने येत नाही, ती काळजी सोडा. पण त्यांच्याबरोबर त्याच शेडमध्ये काम केलेले लोक अजून आहेत. दहाव्या-बाराव्याला कोण कोण आले होते, आठवा. आईला विचारा कपडे किती काळे यायचे, कुठल्या सालापासून. एखाद्या जुन्या सोबत्याला घरी बोलवा आणि तो बोलेल ते साल घालून लिहून घ्या. मग त्या वहीच्या दोन झेरॉक्स काढा. एक त्याच्याकडे द्या, म्हणजे त्याला खोकला झाला तर डॉक्टरांना दाखवता येईल. दुसरी युनियनच्या ऑफिसात.